दसऱ्यानंतर परसातल्या भाज्या एकदम तयार होतात. त्या कशा काढाव्यात, शिजवाव्यात आणि टिकवाव्यात?

आपण विचारले आहे की, कोकणातल्या घराच्या परसात पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले वेल दसऱ्याच्या सुमारास भरभरून फळले आहेत, घरात माणसे दोनच आहेत, तेव्हा तवशी (पावसाळी मोठ्या काकड्या), कोहळे, लाल भोपळे, अळू आणि सुरण यांतले लगेच काय खावे आणि काय, कसे ठेवावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका परसाची निगा मी बरीच वर्षे राखत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

बहुतेक जण आधी काढणी उरकतात आणि टिकवण्याचा विचार मागाहून करतात. माझ्या मते फळ केव्हा आणि कसे तोडले, यावरच ते संक्रांतीपर्यंत राहणार की पंधरवड्यात सडणार, हे बव्हंशी ठरून जाते. कोहळ्याचेच पाहा. कोवळ्या कोहळ्यावर बारीक लव असते. तो जून होत आला की ती झडते आणि सालीवर पांढरी, राखेसारखी भुरी धरते. ही भुरी म्हणजे मेणाचा थर असतो आणि आतले पाणी आत राखण्याचे काम तोच करतो. भुरी पूर्ण धरल्यावर, कोरड्या दिवशी, तीन-चार बोटे देठ ठेवून कोहळा कोयत्याने कापावा. पिळून किंवा ओढून तोडू नये, कारण देठ उपटला गेला की त्या खळीतूनच कूज आत शिरते. एका वर्षी मी सगळे कोहळे धूळ बसली आहे असे समजून ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवले होते. दिसायला फार देखणे दिसत होते, पण मार्गशीर्ष संपायच्या आत त्यांतले तीन बुडाशी मऊ पडले. न पुसलेला, माळ्यावर पेंढ्यावर एकेकटा ठेवलेला कोहळा मात्र होळीपर्यंत राहिलेला मी पाहिला आहे.

लाल भोपळ्याचेही तेच, फक्त खूण निराळी. देठ सुकून बुचासारखा झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले की तो काढावा, आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी साल कडक होऊ द्यावी आणि मग जमिनीला न टेकवता ठेवावा. दोन-तीन महिने काळजी नाही. तोवर भरीत आणि घारगे होतच राहतात.

तवशाला मात्र तेवढा दम नसतो. पिवळे पडून जून झालेले तवसे सुंभाने किंवा केळीच्या सोपाने बांधून वाशाला टांगले, तर काही आठवडे राहते. टांगायचे कारण एवढेच की टेकलेल्या जागी ते आधी नासते. कोवळी तवशी कोशिंबिरीत संपवावीत आणि जून झालेल्यांचे धोंडस, म्हणजे भाजलेले गोड पक्वान्न, करावे. साल आणि बिया काढून तवसे किसावे, सुटलेले पाणी मुळीच टाकू नये. तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजून त्या पाण्यासकट किसात शिजवावा, मग गूळ, ओले खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा घालून, तळाशी हळदीचे पान अंथरलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात खालून-वरून मंद निखाऱ्यावर भाजावे. निखारे नसतील तर पातेल्याखाली जाड तवा ठेवूनही चांगले होते, पण वरची बाजू तितकी तांबूस येत नाही, हे मान्य करावे लागते. एक सावधगिरी अवश्य घ्यावी: प्रत्येक तवशाची देठाकडची चकती आधी चाखून पाहावी. कडू लागले तर ते फळ पूर्ण टाकून द्यावे. दुधी आणि दोडक्यालाही हाच नियम लावावा, कारण त्या कडूपणातले विषारी द्रव्य शिजवल्याने जात नाही आणि त्याने माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत.

आता वाळवणाविषयी. आपल्याकडे सांडगे म्हटले की चैत्र-वैशाखच आठवतो. परंतु परतीचा पाऊस आटोपल्यानंतरचे ऑक्टोबरचे ऊनही त्यासाठी चांगले असते. मुंबईतून पाऊस परतण्याची हवामान खात्याने धरलेली सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. तरी आकाश आठवडाभर सलग निरभ्र राहिल्याशिवाय मी कोहळ्याला हात लावत नाही. (आमच्याकडे कोहळ्यावर पहिला घाव घरातल्या पुरुषाने घालायचा अशी रीत आहे. आजी घरात कोणी नसले की शेजारच्या काकांना हाक मारी आणि ते पुढचे सगळे काम सोडून सुरी घेऊन येत.) कोहळा किसून त्याला मीठ चोळावे, रात्रभर ठेवून सकाळी घट्ट पिळावा. भिजवलेली उडदाची डाळ त्याच पिळलेल्या पाण्यात भरड वाटावी, हिरवी मिरची, जिरे व हिंग घालून कीस मिसळावा आणि सुपारीएवढे सांडगे घालावेत. किसाला आधीच मीठ असते, म्हणून वाटणात पुन्हा मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी. या दिवसांत रात्री दव पडते. त्यामुळे ऊन कलताच ताटे घरात आणावी लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येऊ लागतो. चार-पाच दिवसांनी सांडगे डब्यात घालून हलवल्यावर खड्यांसारखे वाजले पाहिजेत. आवाज बोथट आला तर आणखी एक ऊन द्यावे. गवारीच्या शेंगाही मीठ घातलेल्या ताकात मुरवून अशाच वाळवता येतात आणि तळून दहीभाताबरोबर उत्तम लागतात.

अळू, भेंडी आणि चवळीच्या शेंगा साठवण्याच्या मागे फारसे लागू नये; एक दिवसाआड तोडत राहिले तर भेंडी जून होत नाही आणि झाडही फुलत राहते. अळवाच्या वड्यांचे उंडे उकडून शीतपेटीत चार दिवस राहतात. चवळीच्या शेंगा जास्तच झाल्या तर उकळत्या पाण्यात तीन मिनिटे, लगेच गार पाण्यात, मग कोरड्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात.

हल्ली भाज्या उकडून बाटल्यांत हवाबंद करण्याची चित्रफीत पाहून अनेक जण तसे करू लागले आहेत. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आंबट नसलेल्या भाजीत बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंची बीजे उकळत्या पाण्याच्या १०० अंश सेल्सिअसला मरत नाहीत, आणि हवा नसलेली बाटली त्यांना मानवतेच. ती मारण्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान पुरेसा वेळ राखावे लागते. लिंबू किंवा व्हिनेगर पुरेसे असलेल्या लोणच्याची गोष्ट वेगळी.

सुरणाची घाई करू नये. पाने पिवळी पडून दांडा आपोआप लोळला, म्हणजे साधारण कार्तिक-मार्गशीर्षात, कंद तयार होतो. कुदळ बुंध्यापासून हातभर दूर मारावी, कारण जखम झालेला कंद टिकत नाही. तसा निघालाच तर तो आधी खावा. बाकीचे न धुता, माती नुसती झाडून, सावलीत आठवडाभर सुकवावेत आणि कोरड्या जागी पसरून ठेवावेत. चिरताना हाताला तेल लावावे आणि शिजवताना आमसूल किंवा चिंच घालावी, म्हणजे खाज बाधत नाही. कंदाच्या माथ्यावरचा कोंब असलेला जाड तुकडा मात्र भाजीत घालू नका. राख लावून तो कोरडा ठेवा, वैशाखात त्याच खड्ड्यात लावता येतो.