वाचकांचे प्रश्न : टेबलावर थांबवून केलेला दुसरा स्कॅन

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या पुतण्याला चार दिवसांच्या तापानंतर छातीत दुखू लागले. ईसीजीत बदल होते आणि ट्रोपोनिन वाढलेले होते. सीटी अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ दिसल्या. तरीही त्याला टेबलावर थांबवून काही मिनिटांनी पुन्हा स्कॅन केला आणि हृदयाच्या स्नायूला सूज असल्याचे सांगितले. आता एमआरआय करायला सांगितला आहे. तो कशासाठी? आणि त्याला फुटबॉल पुन्हा कधी खेळता येईल?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते, पण इजा कशाने झाली हे त्यावरून कळत नाही. म्हणून वय कमी असले तरी आधी हृदयविकाराच्या झटक्याची शंका दूर करणे योग्यच होते.

पहिल्या स्कॅनच्या वेळी आयोडीनयुक्त औषध रक्तवाहिन्यांतून वाहत असते. दुसरा स्कॅन साधारण ५ ते १० मिनिटांनी करतात. तोवर निरोगी स्नायूतून ते औषध बरेचसे निघून गेलेले असते. मात्र जेथे पेशी फुटल्या आहेत किंवा पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठले आहे तेथे ते, पाऊस ओसरल्यावर अंगणातल्या खळग्यांत पाणी राहावे तसे, रेंगाळते. ते कोठे रेंगाळते यावरच निदान ठरते. रक्तवाहिनी तुंबून झालेली इजा स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होते आणि त्या वाहिनीच्या क्षेत्रापुरती राहते, तर मायोकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या दाहात, खुणा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात, अनेकदा डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या डावीकडील खालच्या कप्प्याच्या) बाजूच्या भिंतीत, तुटक उमटतात. अहवालात ‘सबएपिकार्डियल’ असा शब्द असेल, तर तो या बाहेरच्या थराबद्दल आहे.

साध्या सीटीत हा फरक फारच पुसट दिसतो. स्पेक्ट्रल आणि फोटॉन काउंटिंग यंत्रे क्ष-किरणांच्या निरनिराळ्या ऊर्जा वेगळ्या ओळखून आयोडीनचाच नकाशा काढतात, त्यामुळे तो स्पष्ट होतो. थोडा जादा किरणोत्सर्ग होतो खरा, पण एकाच भेटीत दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात आणि माझ्या मते हा सौदा वाईट नाही.

तरीही एमआरआय टाळू नये. स्नायूतील सूज दाखवण्यात तो अजूनही सरस आहे, आणि निदानासाठी वापरले जाणारे, २०१८ साली सुधारलेले लेक लुईस निकष त्याच्यासाठीच आहेत. दुसरा स्कॅन निर्दोष आला असता, तरी तेवढ्यावरून दाह नाही असे म्हणता आले नसते. ताप पावसाळ्यातला असेल, तर डेंग्यूची चाचणी झाली आहे का हेही विचारावे. डेंग्यूमुळेही क्वचित हृदयाच्या स्नायूचा दाह होतो.

फुटबॉल सामान्यतः ३ ते ६ महिने बंद ठेवावा लागतो. दुखणे थांबले म्हणून सराव सुरू करू नये. होल्टर (अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारे यंत्र) आणि व्यायाम चाचणी पाहूनच डॉक्टर परवानगी देतील. मधल्या काळात भोवळ आली किंवा छातीत धडधडू लागले, तर थेट १०८ ला फोन करावा. एमआरआयसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जा किंवा अन्यत्र, सीटीच्या छापील अहवालासोबत मूळ स्कॅनची सीडीही न्यावी, म्हणजे दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून पाहता येतील.