व्हिडिओवर काम करणारा एफएफएमपेग प्रोग्रॅम हळू चालतोय? आधी हे बघ

अरे, एन्कोडिंगला (व्हिडिओ नव्याने दाबून साठवायला) तासन्‌तास लागतात म्हणून लगेच नवा संगणक घेऊ नकोस. व्हिडिओचा नुसता तुकडा कापायचा असेल, तर सगळं पुन्हा एन्कोड कशाला करायचं? कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) 'कॉपी' ठेव, म्हणजे मूळ डेटा जसाच्या तसा उचलला जातो आणि काम चुटकीसरशी उरकतं. मात्र काप की-फ्रेमवरच (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच) नीट बसतो, हे ध्यानात असू दे. एन्कोड करावंच लागलं, तर एक्स२६४ या एन्कोडरचा प्रीसेट (वेगाची तयार मांडणी) 'मीडियम'वरून 'व्हेरीफास्ट'वर ने. सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) २३ तसाच राहू दे. दर्जा जरासा उतरेल, पण वेळ खूप वाचेल. थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) आकडा आपोआप ठरतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

थेट प्रक्षेपणासाठी फाइल पाठवताना मात्र 'आरई' (-re) हा पर्याय इनपुटच्या आधी लावच. नाहीतर फाइल मूळ गतीने न जाता, यंत्राला झेपेल तितक्या वेगाने सर्व्हरवर आदळते.