शालीनं तोंड पुसत गेलेली मुलगी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आधारगृहाचा पहिला मासिक अहवाल दोनदा वाचला. आकडे चोख आहेत, पण त्यात एकही बाई दिसत नाही.

चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराची पत्रं मिळव. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईंना लिहिलेली. पैसा बाईंचा, धावपळ याची. 1847 मध्ये दोघांनी लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये ‘युरेनिया कॉटेज’ काढलं. तुरुंगातून सुटलेल्या, रस्त्यावर आलेल्या मुलींसाठी. घरकाम शिकून त्यांनी ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतीत नव्यानं बस्तान बसवावं, असा बेत. मुलींचे कपडे उजळ रंगाचे असावेत म्हणून एवढा मोठा लेखक देणगीदार बाईंशी हुज्जत घालतो! मला ते फार आवडतं.

तिथला एक नियम मात्र तू उचलच. मुलगी थोडी रुळली की तिची हकीकत तिच्याच तोंडून ऐकून वहीत उतरवायची. एकदाच. मग ती इतर मुलींना सांगायची नाही, आणि देखरेखीच्या बायकांनाही नाही. आपल्याकडे तीच हकीकत पोलीस विचारतात, समुपदेशक विचारतात, फराळ वाटायला आलेले पाहुणेसुद्धा विचारतात.

डिकन्स अपयश झाकत नाही. या घराबद्दलच्या 1853 च्या लेखात त्यानं सरळ छापलं: दहाजणींना गैरवर्तनासाठी काढलं, सातजणी पळाल्या. परदेशी जाऊन तीसजणींचं बरं चाललं होतं. आणि 1849 मधलं ते पत्र वाच. तिथल्या इझाबेला गॉर्डन या मुलीला त्यानंच बाहेर काढलं. दाराबाहेर ती मिनिटभर भिंतीला टेकून उभी राहिली, मग गल्लीतून शालीनं तोंड पुसत सावकाश गेली. निर्णय त्यानं फिरवला नाही. पण हे सगळं बाईंना कळवलं.

इझाबेलाचं म्हणणं मात्र आपल्याला कुठंच वाचायला मिळत नाही. ती वहीही पुढं हरवली. मला या पत्रांत तेवढंच खुपतं.

तू पळून गेलेल्या दोघींसमोर ‘विनापरवानगी गैरहजर’ एवढंच लिहिलंयस. आदल्या रात्री त्या जेवल्या होत्या का? कुणाशी बोलल्या? जाताना काय घेऊन गेल्या? मागं राहिलेल्या मुलींना माहीत असेल. विचार, आणि त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

तुझी,
बाई