आठशेचा पेलेट ग्रिल आणि एकोणीसशेचं कार्ड

डॅलसजवळून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा एच-वनबीवर (नोकरीचा व्हिसा), त्या स्वतः एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) म्हणून सध्या नोकरी नाही, मुलगा दुसरीत. महिन्याला हातात ६,८०० डॉलर येतात, भाडं, गाडी, किराणा, गावी पाठवायचे ५०० असं सगळं धरून ६,१५० जातात, म्हणजे ६५० उरतात. बँकेत ११,००० आहेत. क्रेडिट कार्डावर १,९०० थकलेत, २४ टक्क्यांनी, सासू-सासऱ्यांची तिकिटं आणि व्हिजिटर इन्शुरन्स त्यावर काढला होता म्हणून. आणि आता अहोंना जूनमधल्या फादर्स डेच्या सेलमध्ये ८०० डॉलरचा ट्रेगर कंपनीचा पेलेट ग्रिल (दाबलेल्या लाकडी भुशावर चालणारी बॅकयार्डातली भट्टी) घ्यायचाय, ताई म्हणतात ५०० च्या वर एक डॉलर जाणार नाही. "कोण बरोबर ते एकदा सांगून टाका, रोज जेवताना तोच विषय."

ताई, जेवतानाचा विषय मी काही बदलू शकत नाही, पण आकडे मांडतो.

पहिलं म्हणजे ८०० डॉलरने तुमचं घर बुडत नाही. तुमचा महिन्याचा खर्च बघितला तर ८०० म्हणजे चार दिवसांचा घरखर्च. त्यामुळे अहोंना उधळ्या वगैरे म्हणू नका (पत्रात तुम्ही म्हटलंय). मला काळजी वाटते ती दुसऱ्याच दोन आकड्यांची. एक ते १,९००, ज्याचं व्याजच महिन्याला ३८ डॉलर जातंय. आणि दुसरे ते ११,०००, जे बघायला भरपूर वाटतात पण तुमच्या खर्चाने पावणेदोन महिन्यांत संपतात. एच-वनबीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणजे मुदत आणि पैसा एकदमच संपणार. ग्रिल हो की नाही हे त्यानंतरचं.

आता ग्रिलकडे येतो, कारण मला स्वतःला ही वस्तू आवडते आणि माझ्या बॅकयार्डात एक आहे. पेलेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या काड्या, जाड शेव मोडून ठेवल्यासारख्या दिसतात. त्या हॉपरमध्ये, म्हणजे ग्रिलच्या पेटीत, ओतायच्या, खाली ऑगर नावाचं मळसूत्र फिरत फिरत त्या थोड्या थोड्या पुढे ढकलतं, तिकडे तापलेली सळई त्या पेटवते, पंखा हवा मारतो आणि कंट्रोलर तापमान धरून ठेवतो. तुम्ही २२५ फॅरनहाइट लावून झोपलात तरी चालतं. थोडक्यात हा ग्रिल कमी आणि धूर देणारा ओव्हन जास्त. ओरेगनच्या जो ट्रेगरला ऐंशीच्या दशकात याचं पेटंट मिळालं होतं, वीसेक वर्षांनी ते संपलं आणि मग पिट बॉस, झेड ग्रिल्स, कॅम्प शेफ असे सगळे यात उतरले, म्हणून तर आज ५०० च्या आतलेही मिळतात.

मग तुमच्याकडे त्यावर शिजणार काय? टेक्सासात पेलेट ग्रिलवाल्यांच्या गप्पा फिरून फिरून ब्रिस्केटवर, म्हणजे बीफच्या छातीकडच्या मोठ्या तुकड्यावर, येतात, दहा-बारा तास मंद आचेवर, रात्रभर, त्यासाठीच ही सगळी यंत्रणा. तुम्ही लिहिलंय की घरी बीफ खात नाही. राहिलं चिकन, कधी मटण, आणि तुमच्या शब्दांत "पनीर टिक्का, कणसं, भरताचं वांगं". यातलं एकही बारा तासांचं काम नाही, आणि कणसाला, वांग्याला, टिक्क्याला हवा असतो जाळ. बरेचसे पेलेट ग्रिल ४५०-५०० फॅरनहाइटवर थांबतात, तंदूर त्याच्या जवळजवळ दुप्पट तापतो. मी पहिल्यांदा तंदुरी चिकन केलं तेव्हा आत मस्त रसरशीत आणि वरून फिक्कं, हॉस्पिटलमधल्यासारखं, शेवटी बायकोने तव्यावर टाकून डाग पाडले. हां, बकऱ्याची किंवा लँबची मांडी सहा-सात तास ठेवली तर मात्र काय होते विचारू नका, तिथे अहोंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण ती वर्षातून किती वेळा करणार?

हा "किती वेळा" फार महत्त्वाचा आहे, कारण पैसे तिथेच ठरतात. ८०० वर तुमच्याकडचा सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स धरा, ८६६ झाले. कव्हर ७० डॉलरचं धरू, ९३६. महिन्यातून दोनदा पेटवला, एकदा लांबचं काही आणि एकदा पटकन होणारं, तर महिन्याला साधारण १५ पाउंड पेलेट जातील, म्हणजे वर्षाला २० पाउंडाच्या नऊ बॅगा. बॅग १८ डॉलरला धरली तर १६२, आणि पाच वर्षांत ८१०, म्हणजे अजून एक ग्रिल पेलेटच्या रूपात जळाला. एकूण १,७४६, भागिले १२० वेळा, दर वेळी साडेचौदा डॉलर, चिकन वेगळं. हे मला मान्य आहे, तिघांनी बाहेर जेवायचं म्हटलं तर याच्या कितीतरी पट जातात. पण नव्याची नवलाई संपली आणि वर्षातून सहाच वेळा पेटला तर तोच हिशोब एकेका वेळेला ३८ डॉलरवर जातो. आणि तुम्हीच लिहिलंय की सासू-सासरे जून ते नोव्हेंबर राहणार आहेत, सासूबाई शाकाहारी. मधे श्रावण, गणपती, नवरात्र. म्हणजे फादर्स डेला घेतलेला ग्रिल पहिले पाच महिने जवळजवळ बंद.

आणि बंद पडून राहिलेला पेलेट ग्रिल काय करतो ते माझ्याकडून ऐका. मी माझा सेकंडहँड घेतला, भारतात परत जाणाऱ्या एका कुटुंबाच्या मूव्हिंग सेलमध्ये १८० डॉलरला, आणि एका पावसाळी आठवड्यात हॉपर भरलेलाच ठेवून विसरलो. पेलेटला ओल लागली की ते आधी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात, मग त्यांचा लगदा होतो, आणि वाळला की ऑगरमध्ये सिमेंट. एक अख्खा शनिवार मी ते स्क्रूड्रायव्हरने खरवडत बसलो होतो, शेजारचा अमेरिकन आजोबा कुंपणावरून बघून हसत होता. तेव्हापासून काम झालं की पेलेट झाकणाच्या बादलीत काढून ठेवतो. म्हणून हॉपर खालून रिकामा करायची सोय आहे का ते घेताना बघाच, स्वस्तातल्या काही मॉडेल्सना ती नसते.

अहोंचं दुसरं म्हणणं की दुकानाच्या कार्डावर १२ महिने बिनव्याजी आहे, मग काय बिघडलं. ताई, त्यातलं बारीक अक्षर वाचा. तिथे डिफर्ड इंटरेस्ट लिहिलं असेल तर बारा महिन्यांत पूर्ण रक्कम फिटली नाही, शंभर डॉलर जरी राहिले, तरी व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, फक्त राहिलेल्या शंभरावर नाही. असली कार्डं ३० टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे ८६६ वर सव्वाशे-दीडशे डॉलर एका झटक्यात. आधीच एक कार्ड थकलेलं असताना दुसरं उघडायला माझा साफ नकार.

तर मी असं करेन. मे, जून, जुलैचे ६५० सगळे त्या १,९०० वर घाला, ऑगस्ट उजाडेपर्यंत कार्ड जवळजवळ कोरं, व्याजाचे थोडे राहिले तर तेही लगेच भरून टाका. ऑगस्टपासून महिन्याला १२५ ग्रिलसाठी वेगळ्या खात्यात आणि उरलेले ५२५ त्या ११,००० मध्ये. नोव्हेंबरला हातात ५०० रोख, सासू-सासरे परतलेले, ब्लॅक फ्रायडेचा सेल लागलेला, आणि डॅलसला बाहेर उभं राहण्यासारखी हवाही तेव्हाच असते, ऑगस्टमध्ये तिथे तुम्हीच भाजून निघाल. ५०० मध्ये टॅक्स, कव्हर आणि पहिली बॅग सगळं बसवायचं, म्हणजे ग्रिल ३७० च्या आसपासचा. त्या किमतीत वायफाय सोडा, पीआयडी कंट्रोलर आहे का बघा, त्याने तापमान कमी हलतं. तुमच्या घराला ५०० चौरस इंचाची जाळी रग्गड. आणि मूव्हिंग सेलवरही लक्ष ठेवा, ही वस्तू इथल्या १२० व्होल्टवर चालते म्हणून भारतात कोणी नेत नाही, उद्या तुम्हाला जायची वेळ आली तर तुम्हीही ती अशीच विकाल, तेव्हा ८०० ची किंमत किती उरेल तोही विचार करा.

पण त्याआधी एक काम. तुमच्याकडच्या बऱ्याच पार्कांमध्ये खांबावर बसवलेले कोळशाचे ग्रिल असतात, फुकट. कोळशाची एक पिशवी घ्या आणि तीन-चार शनिवार अहोंनाच करू दे, मॅरिनेट करण्यापासून जाळी घासण्यापर्यंत सगळं. चौथ्या शनिवारीही उत्साह टिकला तर माणूस खरंच ग्रिलवाला आहे, मग नोव्हेंबरमध्ये तुम्ही आडवं येऊ नका. आणि तिथेच कळलं की घरच्यांना जाळावरचंच आवडतंय, तर पेलेटचा नाद सोडून साधी कोळशाची केटल (गोल झाकणाचा ग्रिल) घ्या, पेलेटच्या निम्म्या पैशात येते.

अजून एक, घर भाड्याचं टाऊनहाऊस आहे आणि मागे लाकडी डेक आहे म्हणताय, तर लीज आणि एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीचे, नियम आत्ताच काढून वाचा. खेटून असलेल्या घरांना बऱ्याच ठिकाणी लाकडी बांधकामापासून १० फुटांच्या आत कोळसा किंवा उघडा जाळ चालत नाही, पेलेटलाही कुठे कुठे तोच नियम लावतात. तुमचा डेकच १० फुटांचा असेल तर ८०० की ५०० हे भांडण आपोआप मिटलं.

आणि पार्कात नेताना लायटर फ्लुइड लावलेला कोळसा घेऊ नका, साधा घ्या आणि कागदाने पेटवा. तो वास पनीरला एकदा बसला की सासूबाई नोव्हेंबरपर्यंत रोज आठवण काढतील.