या आठवड्यात काय पाहावं? वाचक विचारतात

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, फुटबॉल खेळतो. रविवारी त्याच्यासोबत काय पाहू? (एक वडील, मानकापूर)

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) पाहा. नागपुरात विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं जे काम उभं केलं, त्यावरून तो सुचलेला आहे. लांबी तीन तासांच्या आसपास, म्हणून कॉलेजच्या संघाविरुद्धचा सामना संपला की थांबा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहा. नशेची, मारामारीची दृश्यं आहेत. मुलाला एकट्याला लावून देऊ नका.

नंतर मुलांना घेऊन मैदानावर जा आणि बेघर खेळाडूंच्या फुटबॉल विश्वचषकासारखा छोटा सामना खेळवा. त्या विश्वचषकात साधारण २२ बाय १६ मीटरच्या मैदानात एका बाजूला ४ जण खेळतात, ७-७ मिनिटांचे दोन भाग. एवढ्या जागेत चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा पास ठरवावा लागतो. मुलं हमखास चेंडूभोवती गोळा होतात. तसं झालं की खेळ थांबवा आणि एकाला समोरच्या अर्ध्या भागातच उभं राहायला सांगा. गोलपोस्ट म्हणून विटा ठेवू नका, पाय फुटतात. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पुरतात.

प्रश्न : मालिकेसाठी १२ वर्षांच्या मुलीची ऑडिशन मोबाइलवर करून पाठवायची आहे. कशी करू? (एक आई, नंदनवन)

आधी कूलर आणि पंखा बंद. नागपुरात बहुतेक ऑडिशन तिथेच बिघडतात. फोनचा माइक कूलरची घरघर संवादापेक्षा स्पष्ट पकडतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर उरकून घ्या. खिडकी मुलीच्या समोर असावी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. मागे साधी भिंत. फोन आडवा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, चौकट छातीपासून वर. चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि फोकस लॉक करा.

समोरच्या पात्राचे संवाद तुम्ही लेन्सला लागून उभ्या राहून हळू आवाजात, अभिनय न करता वाचा. पाठांतर पक्कं असलेली मुलं आपली पाळी येईपर्यंत नुसती थांबून राहतात आणि चेहरा कोरा पडतो. म्हणून एखाद्या वेळी तुमचं वाक्य मुद्दाम थोडं उशिरा म्हणा, ती खरंच ऐकू लागेल. आम्हाला ही युक्ती कुठल्याही अभिनय-शिबिरापेक्षा मोलाची वाटते. तीन-चार टेक घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नुसता व्हिडिओ टाकला तर दर्जा उतरतो.

निवड झालीच तर नियम माहीत असू द्या. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. मानधनाचा किमान २० टक्के भाग तिच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का, ते विचारा. ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले, तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : दिव्या देशमुखची महिला बुद्धिबळ विश्वचषकाची फायनल पुन्हा पाहायची आहे, पण समालोचन डोक्यावरून जातं. (दहावीतली वाचक, धरमपेठ)

फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर बातुमीचं (जॉर्जियातलं हे शहर, फायनल तिथेच झाली) प्रक्षेपण शोध. कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेचे डाव बरोबरीत सुटले, ते आता सोड. थेट २८ जुलै २०२५ च्या टायब्रेकमधला, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीचा दुसरा रॅपिड (कमी वेळेचा) डाव लाव. काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने तो जिंकला. आवाज बंद कर, पट मांड, प्रत्येक चालीआधी व्हिडिओ थांबवून तुझी चाल वहीत लिही. शेवटाकडे घड्याळावर नजर ठेव. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला वाढीव १० सेकंद होते. वेळ आटला तशा चुका वाढल्या. समालोचन डाव दुसऱ्यांदा पाहताना ऐक, तेव्हा कळेल.