यलोस्टोनमध्ये आई-वडिलांना घेऊन ओल्ड फेथफुल इनच्या जुन्या भागात राहावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या जूनमध्ये आई-वडील भारतातून येतायत, त्यांना अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवायचंय, तिथल्या ओल्ड फेथफुल इन या जुन्या लाकडी हॉटेलचं खूप ऐकलंय. पण जुन्या भागातल्या बऱ्याच खोल्यांना स्वतःचं बाथरूम नाही हे कळल्यापासून घरात दोन तट पडलेत. तिथे राहावं, की सरळ पार्कबाहेर वेस्ट यलोस्टोन गावात हॉटेल घ्यावं?

माझं उत्तर: राहा. एकच रात्र राहा, पण जुन्याच भागात.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी आई-बाबांना घेऊन तिथे राहिले. बाबा सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे कुरकुरणारे, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. बुकिंग करताना आईला बाथरूमचं सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. गाडीत बसल्यावर सांगितलं. ती काहीच बोलली नाही, आणि आईचं न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असेल. बाबा मात्र हसायला लागले. ते गिरगावातल्या चाळीत वाढलेले. म्हणाले, "एवढे डॉलर मोजून पुन्हा चाळीतच नेतेयस की!"

आधी एक समजून घ्या. तिथे तुमचे पैसे लॉबीचे असतात. खोली सामान ठेवायला मिळते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकीचे प्रश्न आपोआप लहान होतात.

इमारत १९०३-०४ च्या हिवाळ्यात बांधली. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून जास्त उंचीवरचा बर्फाळ हिवाळा, आणि त्यात सुतार लाकडं रचतायत. रॉबर्ट रीमर नावाचा वास्तुरचनाकार तेव्हा जेमतेम तिशीतला. पैसा रेल्वे कंपनीच्या जोरावर उभा राहिलेला, खर्च साधारण १ लाख ४० हजार डॉलर. लाकूड आजूबाजूच्या जंगलातल्या लॉजपोल पाइनचं, दगडही जवळपासचाच. १९०४ च्या जूनमध्ये हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे घोडागाडीतून धूळ खात यायचे. मोटारींना यलोस्टोनमध्ये परवानगी मिळाली ती १९१५ मध्ये. गंमत म्हणजे हे सगळं रांगडेपण ठरवून केलेलं आहे. बाहेरून ओबडधोबड ओंडके दिसत असले तरी आत पहिल्या दिवसापासून विजेचे दिवे होते, खोल्या गरम ठेवायला वाफेची सोय होती. श्रीमंत पाहुण्यांना जंगलात राहिल्यासारखं वाटावं, पण थंडीने कुडकुडायला लागू नये, असा तो बेत होता.

दार ढकलून आत गेलात की मान आपोआप वर जाते. छप्पर ७६ फुटांवर आहे. चहूबाजूंनी एकावर एक सज्जे, त्यांना आधार देणारे वेडेवाकडे फाटे, आणि एका अंगाला सुमारे ५०० टन दगडाची प्रचंड शेकोटी. चार बाजूंना तिची चार मोठी तोंडं, कोपऱ्यांत चार लहान. तिच्यावर रीमरनेच आराखडा केलेलं लोखंडी-तांब्याचं घड्याळ टांगलंय, त्याचा लंबक माणसाहून मोठा वाटतो. बाबा मधोमध उभे राहून गोल फिरले आणि म्हणाले, "अगं, हा तर वाडाच आहे. फक्त चौकावर छप्पर घातलंय." मला आजवर त्या लॉबीचं याहून नेमकं वर्णन कोणी केलेलं आठवत नाही.

कठड्यांकडे मुद्दाम बघा. सरळ फांदी त्यात शोधून सापडत नाही. गुडघ्यासारख्या वाकलेल्या, गाठी आलेल्या, दुबेळकं फुटलेल्या फांद्या जंगलातून वेचून आणून बसवल्यात. ज्या गाठी हाताच्या उंचीवर आहेत त्या शंभराहून जास्त वर्षांच्या हातांनी देवळातल्या उंबरठ्यासारख्या गुळगुळीत झाल्यात. साल काढलेल्या खांबांवर किड्यांनी कोरलेल्या बारीक नागमोडी रेषा अजून दिसतात. आई त्यांच्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभी होती. गाडीतला अबोला तिथेच सुटला.

आता हे सगळं दिवसा फुकटातही बघता येतं, मग राहायचं कशाला? कारण दिवसभर तिथे जत्रा असते. बाहेर ओल्ड फेथफुल, म्हणजे ते गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं, उसळलं की पाच मिनिटांत शेकडो माणसं लॉबीत शिरतात, आइस्क्रीम, स्वच्छतागृह, फोटो. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की वाडा राहणाऱ्यांचा होतो. आम्ही रात्री दहाला दुसऱ्या मजल्याच्या सज्जात बसलो होतो. तिथे लिहायला जुनी टेबलं आहेत, त्यावर छोटे दिवे. बाबांनी पुण्याच्या मित्रांना तीन पोस्टकार्डं लिहिली (बाबांचा व्हॉट्सॲपवर विश्वास नाही). खाली कोणीतरी पत्ते खेळत होतं, शेकोटीतला ओंडका मधूनच तडतडायचा, आणि वर काळोखात छपराखालचा तो चिमुकला मचाण दिसत होता, ज्याला 'क्रोज नेस्ट' म्हणतात. पूर्वी तिथे वादक बसून वाजवायचे आणि खाली लोक नाचायचे. १९५९ च्या भूकंपानंतर पाहुण्यांना वर जायची बंदी झाली.

तो भूकंप १७ ऑगस्टच्या रात्री उशिरा झाला, ७.३ तीव्रतेचा. इमारत हादरली, जेवणघराची चिमणी कोसळली. भरजेवणाच्या वेळी झालं असतं तर काय, हा विचार तिथे जेवताना येतोच. नंतर १९८८ च्या सप्टेंबरमध्ये वणवा थेट दाराशी आला. त्या उन्हाळ्यात पार्कचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या घेऱ्यात सापडला होता. छपरावर पाण्याचे फवारे आदल्याच वर्षी बसवले होते, ते सुरू ठेवले, अग्निशमनवाले होते, आणि ऐनवेळी वाऱ्यानेही थोडी दया दाखवली. लाकडाची एवढी मोठी इमारत अजून उभी आहे यात माणसांची मेहनत किती आणि नशीब किती, यावर आमच्या घरात आजही वाद होतो.

आता खोलीकडे येऊ. जुन्या भागातल्या आमच्या खोलीच्या भिंती फळ्यांच्या, पलंग लोखंडी, कोपऱ्यात बेसिन. टीव्ही नाही, एसी नाही, वायफाय नाही. फोनला रेंज आली तर आली. लाकडी भिंत म्हणजे शेजारच्या खोलीतलं घोरणं तुमचंही. कॉमन बाथरूम बोळाच्या टोकाला, आणि ती स्वच्छ होती हे आईने स्वतः जाऊन पाहून जाहीर केलं. अडचण स्वच्छतेची नसते, रात्रीची असते. दोन वाजता उठायचं, चपला शोधायच्या, चावी घ्यायची, बोळातली प्रत्येक फळी करकरते. वडिलांना रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल तर हट्ट करू नका. जुन्या भागातच बाथरूम असलेल्या थोड्या खोल्या आहेत. त्या न मिळाल्यास पूर्वेची १९१३-१४ ची किंवा पश्चिमेची १९२७-२८ ची बाजू घ्या. लॉबी तीच, चालून दोन मिनिटं. त्या खोल्या सोयीच्या आहेत, पण मला विचाराल तर जरा बेचव.

आणखी एक: बुकिंग करताना गुडघ्यांचं आधीच सांगा आणि खालची खोली मागा. आम्ही मागितली नव्हती. बॅगा जिन्यावरून चढवताना मला माझ्या मूर्खपणाचं वजन नीट कळलं.

बुकिंगमध्ये मी घातलेला खरा घोळ मात्र वेगळाच. ओल्ड फेथफुलच्या भोवती राहायच्या तीन वेगळ्या जागा आहेत. 'ओल्ड फेथफुल इन' म्हणजे ही जुनी इमारत. 'ओल्ड फेथफुल लॉज' म्हणजे पलीकडच्या केबिन. 'स्नो लॉज' १९९९ मधली, हिवाळ्यात फक्त तीच उघडी असते. मी घाईघाईत 'लॉज' बघून पैसे भरले आणि आठवडाभर सगळ्यांना फुशारकीने इनचे फोटो पाठवत बसले. बहिणीने पावती वाचून दाखवली तेव्हा डोळे उघडले. मग रोज सकाळी चहा पिताना वेबसाइट उघडायची, कोणी रद्द केलंय का बघायचं, असं जवळजवळ दीड महिना केलं, तेव्हा एक रात्र हाती लागली. तुमच्याकडे वेळ आहे तर तो त्रास घेऊ नका. दर महिन्याच्या ५ तारखेला पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या खोल्या खुल्या होतात, म्हणजे तुमच्या जूनसाठी या वर्षीची ५ जून. जुन्या भागातल्या स्वस्त खोल्या सगळ्यांत आधी संपतात. ती तारीख हुकली असेल तर माझाच मार्ग. लोक रद्द करतात, चिकाटी ठेवा. इन साधारण मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडं असतं.

वेस्ट यलोस्टोनचं म्हणाल तर गाव तीस मैलांवर आहे. नकाशावर पाऊण-एक तास दिसतो. प्रत्यक्षात रस्त्यात गवा-रेड्यांसारखे बायसन उभे राहिले की तुमचं घड्याळ त्यांच्या हातात. बाकीच्या रात्री तिथे काढा, हरकत नाही, पण पहाटे पाचला तिथून निघून ओल्ड फेथफुल गाठायचं म्हटलं तर आई-वडिलांना नको होईल. आणि पहाट चुकवायची नाही.

कारण सांगते. ओल्ड फेथफुल सध्या साधारण ९० मिनिटांनी उसळतं, कधी तासाभरात, कधी पावणेदोन तासांनी. पुढची वेळ लॉबीत लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. ती वेळ काढायची युक्ती सोपी आहे: आधीचा उद्रेक किती वेळ चालला ते बघायचं. अडीच मिनिटांहून कमी चालला तर पुढचा तासाभरानंतर, जास्त चालला तर दीड तासाने. रात्री मात्र कोणी वेळ लावत नाही. बाबांनी हे एका रेंजरकडून समजून घेतलं आणि त्यांच्यातला निवृत्त इंजिनिअर जागा झाला. नऊच्या सुमाराचा उद्रेक त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर मोजला, चार मिनिटांच्या आसपास भरला, आणि पावणेअकराला कानटोपी घालून "आलोच" म्हणत निघाले. आम्ही दोघी वरच्या व्हरांड्यात पांघरूण गुंडाळून बसलो. दहा मिनिटं काही नाही. आई म्हणाली, "बोलाव त्यांना, सर्दी होईल." आणि तेवढ्यात काळोखात पांढरा खांब वर चढला. गर्दी नाही, टाळ्या नाहीत, नुसता पाण्याचा सळसळाट आणि मग वाफ चांदण्यात वाकडी होत गेलेली. बाबा परत आले ते परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे.

पहाटे साडेपाचला पुन्हा गेलो. जमिनीवर दंव गोठलेलं, सगळ्या झऱ्यांमधून वाफ, आणि बघायला आम्ही धरून आठ जण. तिथे लाकडी पायवाट सोडू नका. कडेची जमीन घट्ट दिसते पण खाली उकळतं पाणी असतं. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, पण भाजायला तेवढं पुरे. बायसनपासून निदान २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे. बाबांना फोटोसाठी पुढे सरकायची खोड असेल तर त्यांचा हात धरून चाला, मी धरला होता.

जेवणाचं: जेवणघरात रात्रीसाठी टेबल आधीच राखून ठेवा. शाकाहारी असाल तर पर्याय मोजकेच, पण उपाशी राहत नाही. खोलीत काही शिजवायचं नाही, त्यामुळे प्रवासी कुकर घरीच ठेवा. आईने आणलेला चिवडा वरच्या व्हरांड्यात बसून संपवला, पण पिशवी बाकावर ठेवून कुठे जायचं नाही. तिथले डोमकावळे चेन उघडतात, हे मी चेष्टेने म्हणत नाही.

जूनमध्येही रात्री थंडी असते, स्वेटर आणि लोकरीचे मोजे हवेतच. एक छोटी बॅटरी घ्या, बोळासाठी. आणि आईसाठी घरातल्या मऊ सपाता आठवणीने ठेवा. माझ्या आईने दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भरताना पहिलं वाक्य तेच उच्चारलं: "सपाता आणायला हव्या होत्या गं. अजून एक रात्र राहिले असते."