गिटइग्नोरमध्ये टाकूनही एआय असिस्टंट ‘.ईएनव्ही’ फाइल वाचतो, काय करावं?

तुमचा प्रश्न असा: हिंजवडीच्या ऑफिसात क्लायंटच्या प्रोजेक्टवर कर्सर आणि क्लॉड कोड ही कोड लिहून देणारी दोन्ही एआय टूल्स वापरता, ‘.ईएनव्ही’ (पासवर्ड आणि चाव्या ठेवायची फाइल) गिटइग्नोरमध्ये आहे, तरी असिस्टंटने डेटाबेसचा पासवर्ड उत्तरात छापला.

आधी तो पासवर्ड बदला, बाकीचं नंतर.

गिटइग्नोर ही गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने) कुठल्या फाइल सोडायच्या त्याची यादी, तिचं काम गिटपुरतं. फाइल डिस्कवर आहे आणि असिस्टंट तुमच्याच यूजरखाली चालतोय, म्हणजे तुम्हाला जे उघडतं ते त्यालाही उघडतं. सीएचमॉड ६०० करून (फाइल फक्त मालकालाच उघडेल असं करून) काही फरक पडत नाही तो यामुळेच.

कर्सरसाठी प्रोजेक्टच्या रूट फोल्डरमध्ये ‘.कर्सरइग्नोर’ ठेवा, पॅटर्न गिटइग्नोरसारखेच लिहायचे. ‘.कर्सरइंडेक्सिंगइग्नोर’ वेगळी: ती फाइल फक्त इंडेक्समधून (कर्सरच्या शोध-सूचीतून) वगळते, वाचायला बंदी करत नाही. क्लॉड कोडसाठी ‘.क्लॉड’ फोल्डरमधल्या सेटिंग्ज फाइलमध्ये, परमिशन्सखालच्या डिनाय (बंदीच्या) यादीत रीड(./.ईएनव्ही) आणि रीड(./सीक्रेट्स/**) टाका. हात सैल सोडून ‘.ईएनव्ही.*’ लिहाल तर ‘.ईएनव्ही.एक्झाम्पल’ ही नमुना फाइल पण बंद होईल, आणि डिनाय हा अलाऊला (परवानगीला) भारी असल्याने ती परत उघडता येणार नाही. ती एक्झाम्पल फाइल उघडी हवीच. खोट्या किमती घालून ठेवा. व्हेरिएबलची नावं दिसली नाहीत तर असिस्टंट मनाने नावं ठेवतो आणि कोड चालत नाही.

असिस्टंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये ‘हे वाचू नकोस’ लिहिणं म्हणजे ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ ही पाटी. गाडी लागायची ती लागतेच.

खरी गळती टर्मिनलमधून होते. कर्सरची इग्नोर फाइल टर्मिनल आणि एमसीपी टूल्सना (असिस्टंटला जोडलेल्या बाहेरच्या टूल्सना) अडवत नाही. क्लॉड कोडचा रीड नियमही, असिस्टंटने पायथनची स्क्रिप्ट लिहून तिच्यातून फाइल उघडली तर कामाचा नाही. शिवाय टेस्ट फेल झाली की एरर लॉगमध्ये अख्खी कनेक्शन स्ट्रिंग (पासवर्डसकट डेटाबेसचा पत्ता) येऊ शकते, ती वेगळीच.

म्हणून क्लायंटचं काम असेल तर असिस्टंट डॉकर कंटेनरमध्येच (बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यात) चालवा. फक्त प्रोजेक्टचा फोल्डर माउंट करा (कंटेनरला जोडा), होम फोल्डर नको, नाहीतर एसएसएच आणि एडब्ल्यूएसच्या चाव्याही आत जातात. ‘.ईएनव्ही’ प्रोजेक्टच्या बाहेर हलवा. हलवता येत नसेल तर कंटेनरमध्ये तिच्या जागी /डेव्ह/नल (लिनक्समधली कायम रिकामी फाइल) माउंट करा, फाइल रिकामी दिसते. अ‍ॅपला लागणाऱ्या किमती आत द्यायच्याच असतील तर डेव्हलपमेंट डेटाबेसच्या द्या, प्रॉडक्शनच्या नकोत.

तपासताना ‘.ईएनव्ही’मध्ये ‘बाकरवडी४२’ असला खोटा पासवर्ड घाला आणि तीन वेगवेगळ्या चॅटमध्ये सांगा: फाइल वाच, कॅट कमांडने दाखव, पायथनमधून उघडून छाप. नुसत्या इग्नोर फाइलवर किंवा डिनाय यादीवर असाल तर कर्सरमध्ये दुसऱ्याच वेळी आणि क्लॉड कोडमध्ये तिसऱ्या वेळी बाकरवडी बाहेर पडण्याची तयारी ठेवा.